मोटारीला इंधन जास्त का लागते? तपासणी कोठून सुरू करावी?
(खराडी, पुणे येथे शेतकऱ्यांसमोर दिलेले भाषण)



आजचा विषय पिकाचा नाही की जनावरांचा नाही. तो आपल्या दारात उभ्या असलेल्या मोटारीचा आहे. कृषि विद्यापीठाच्या माणसाने मोटारीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ट्रॅक्टरला तासाला किती डिझेल लागते हे आपण बघतो, विहिरीवरच्या पंपाचे बिल बघतो. मग महिन्याला जे चार-आठ हजार रुपये मोटारीच्या टाकीत जातात त्यांचा हिशेब का ठेवू नये? बाजारात मेथीच्या जुडीला रुपया कमी मिळाला तर आपण अडत्याशी वाद घालतो. गाडी मात्र लिटरमागे चार किलोमीटर कमी धावू लागली, तरी "जुनी झाली आता" एवढे म्हणून गप्प बसतो.

खराडीत हा विषय घेण्याला आणखी एक कारण आहे. हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत आले. मुळा-मुठेच्या काठच्या मळ्यांच्या जागी आज आयटी पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. तरीही येथील अनेक कुटुंबांची शेती नदीपलीकडे मांजरीकडे, वर केसनंद, लोणीकंदकडे अजून चालू आहे. घर शहरात आणि शेत बाहेर, अशी विभागणी झाली आहे. त्यामुळे मोटार रोजची झाली. सकाळी शेतावर जाणे, तेथून मांजरीच्या उपबाजारात किंवा गुलटेकडीला माल टाकणे, मुलांना शाळेत सोडणे, ही सगळी कामे तीच गाडी करते. अशा गाडीचे पोट वाढले तर ते लगेच जाणवते.

सरळ हिशेब करू. गाडी महिन्याला एक हजार किलोमीटर चालते असे समजा. लिटरला १६ किलोमीटर पडत असतील तर साडेबासष्ट लिटर लागतात. तीच गाडी १२ वर आली की त्र्याऐंशी लिटरच्या पुढे जाते. महिन्याला एकवीस लिटर जादा. हिशेबाला सोपा म्हणून लिटरचा भाव शंभर रुपये धरला तरी वर्षाला पंचवीस हजार रुपये होतात. एवढ्यात ठिबकच्या दुरुस्तीचे बरेच काम निघून जाते.

आणि खरे नुकसान पुढेच असते. ॲव्हरेज कमी झाले म्हणून आपण गाडी गॅरेजला नेतो. तेथे कोणी म्हणते इंजेक्टर बदला, कोणी म्हणते पंप गेला, कोणी म्हणते इंजिन खोलावे लागेल. वीस-पंचवीस हजारांचा खर्च होतो आणि ॲव्हरेज आहे तेथेच राहते. कारण दोष इंजिनात नसतोच. म्हणून मी आज दुरुस्ती शिकवण्यासाठी आलेलो नाही, तपासणीचा क्रम सांगण्यासाठी आलो आहे. क्रम असा की प्रथम मोजायचे, मग चाके पाहायची, मग इंजिनाची उष्णता, त्यानंतर हवा आणि इंधन. महागाचे भाग सर्वांत शेवटी.

आधी मोजमाप

"पूर्वी अठरा देत होती, आता बारा देते," असे सांगणाऱ्याला मी नेहमी विचारतो, अठरा कधी मोजले होते? बहुतेक वेळा ते मोजलेलेच नसते. विकणाऱ्याने सांगितलेले असते किंवा जाहिरातीत वाचलेले असते. जाहिरातीतील आकड्याला आपण 'एआरएआय मायलेज' म्हणतो. ही वाहन संशोधन संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तो आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेत गाडी रुळांवर ठेवून, ठरावीक वेगाने, ठरावीक वेळ चालवून काढलेला असतो. तेथे खराडी बायपासचा सिग्नल नसतो, मागच्या सीटवर भाजीची क्रेटही नसतात. म्हणून आपल्या गाडीची तुलना आपल्याच गाडीच्या मागच्या आकड्याशी करावी.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. टाकी फुल्ल करावी. पंपाचे नोझल आपोआप पहिल्यांदा बंद पडले की तेथेच थांबावे, वरून आणखी दाबून भरू नये. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. नेहमीप्रमाणे निदान तीनशे किलोमीटर गाडी चालवावी आणि शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने, तशीच फुल्ल करावी. समजा गाडी ४०२ किलोमीटर चालली आणि २७.६ लिटर बसले, तर ॲव्हरेज साडेचौदा झाले. असे लागोपाठ तीनदा करावे. एका वेळच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. काचेखालच्या पडद्यावर गाडी स्वतः जो आकडा दाखवते तो साधारण अंदाजासाठी ठीक आहे, पण हिशेब टाकी फुल्ल करूनच धरावा.

येथे दोन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे किलोमीटरचे मीटरच कमी दाखवत असेल तर? शेताच्या वाटेसाठी म्हणून काहींनी मोठे टायर बसवलेले असतात. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, पण मीटरला ते कळत नाही. रस्ता दहा किलोमीटर होतो आणि मीटर साडेनऊच दाखवते. गाडी निष्कारण बदनाम होते. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून दहा किलोमीटरला हे एकदा ताडून पाहावे. दुसरी शंका पंपाच्या मापाची. प्रत्येक पेट्रोल पंपावर वैधमापन खात्याने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते आणि गिऱ्हाईकाला त्याने माप तपासून मागण्याचा हक्क आहे. संशय असेल तर भांडण न करता ते माप मागावे.

मोजून झाले की गाडीखाली वाकून पाहावे. रात्री जेथे गाडी उभी असते तेथे ओला डाग आहे का, सकाळी दार उघडताना पेट्रोलचा वास येतो का? गळती असेल तर पुढचे काही करू नये. ती आधी बंद करून घ्यावी, कारण तेथे प्रश्न पैशाचा नसून आगीचा आहे.

गाडीचा आजार की रस्त्याचा?

खराडीकरांनी हा भाग लक्ष देऊन ऐकावा. पहाटे पाचला निघालेली गाडी आणि सकाळी नऊला निघालेली गाडी, दोन्ही गुलटेकडीला जातात. अंतर तेच बारा-चौदा किलोमीटर. पण नऊ वाजता आयटी पार्कची सगळी गर्दी समोरून आणि मागून असते. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते, थांबते, पुन्हा निघते. ब्रेक दाबला की आधी जाळलेल्या इंधनाची गती उष्णता होऊन वाया जाते आणि ती पुन्हा मिळवायला पुन्हा इंधन जाळावे लागते. त्यामुळे त्याच गाडीत चार-पाच किलोमीटरचा फरक पडतो आणि तो कोणत्याही गॅरेजला बरा करता येत नाही.

उभ्या गाडीचे इंजिन किती खाते, हेही पाहा. लहान पेट्रोल मोटार नुसती चालू ठेवली तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर लागते. एसी चालू असेल तर जास्तीकडे. रोज पाऊण तास सिग्नलला आणि रांगेत गेला, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत जवळजवळ एकोणीस तास होतात. तासाला अर्धाच लिटर धरला तरी नऊ-साडेनऊ लिटर, आणि त्यात गाडी एक पाऊलही चाललेली नसते. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. पुन्हा सुरू करायला जास्त पेट्रोल लागते ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली आहे.

म्हणून ॲव्हरेज कधीपासून कमी झाले हे आठवावे, आणि त्या वेळी आणखी काय बदलले तेही आठवावे. मुलीची शाळा बदलली का, बाजाराला जाण्याची वेळ बदलली का, टपावर कॅरिअर बसवले का? रिकामा कॅरिअरसुद्धा वेगात वारा अडवतो. खताच्या दोन गोण्या महिनाभर डिकीत तशाच पडून आहेत का? एका सद्गृहस्थांच्या डिकीत मला मोटारीचे जुने पॅनेल, दोन पाने आणि अर्धी गोणी सिमेंट मिळाली होती. ते सहा महिने शहरभर फिरत होते.

चाके

रस्ता तोच, वेळ तीच, वजन तेच आणि तरी ॲव्हरेज घसरले, तर पहिले काम चाकांचे. यातील बरेचसे घरी करता येते.

टायरमधील हवा गाडी थंड असताना पाहावी. किती हवा हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत असते. पंक्चरवाल्याला "टाक पस्तीस" असे सांगू नये. चार माणसे आणि सामान असेल तर मागच्या चाकांचा आकडा वेगळा असतो, तोही त्याच पट्टीवर असतो. ३० पौंड हवी तेथे २२ असेल तर टायर रस्त्याला चिकटून चालतो, त्याच्या कडा झिजतात आणि गाडी ओढावी लागते. बैलगाडीच्या चाकाची धाव ढिली झाली म्हणजे बैलांना जो त्रास होतो, तोच येथे इंजिनाला होतो. बैल थांबून सांगतो, इंजिन मुकाट्याने इंधन मागते.

यानंतर ब्रेक. माझ्या अनुभवात शेतकऱ्याच्या गाडीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच जागी. आपली गाडी चिखलातून जाते, उसाच्या वाटेने जाते, पावसाळ्यात बांधावर उभी राहते. माती आणि पाणी ड्रममध्ये जाते, गंज चढतो आणि ब्रेकचा पाय सोडल्यावरही लायनर पूर्ण सुटत नाही. हॅण्डब्रेकची केबल आवळलेली असेल तरी तेच होते. पुढच्या चाकाला डिस्क असेल तर कॅलिपरमधील पिस्टन अडकतो. गाडी चालते, पण चारांपैकी एक चाक सतत धरलेले असते.

ओळखायचे कसे? मोकळ्या रस्त्यावर ब्रेकचा वापर फार न करता सात-आठ किलोमीटर गाडी चालवावी. थांबताना ब्रेक हळू लावावा. उतरून प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न्यावा. एकदम टेकवू नये, भाजेल. चारही चाके थोडी कोमट असणारच. पण डावे मागचे चाक उजव्यापेक्षा स्पष्ट गरम लागले, तर तेथेच दोष आहे. खात्रीसाठी ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. ही परीक्षा सपाट जागी, दुसऱ्या चाकांना दगडाची अडण लावून करावी. हॅण्डब्रेक सोडलेला व गाडी न्यूट्रलमध्ये असताना मोकळे चाक सहज फिरते, धरलेले चाक घासून थांबते. जॅकवरच्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये.

चाकांची अलाइनमेंट बिघडली असेल तर टायरवर हात फिरवताच कळते. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागते. क्लच घसरत असेल तर चढावर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. हे दोन्ही दोष लपून राहत नाहीत.

इंजिन गरमच होत नसेल तर

इंजिन तापणे वाईट हे सर्वांना माहीत आहे. इंजिन पुरेसे न तापणेही वाईट, हे फार थोड्यांना माहीत असते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून थंड असताना त्याला जास्त इंधन द्यावे लागते. जुन्या गाडीत हे काम चोकची कळ ओढून आपण करत होतो, आजच्या गाडीत संगणक करतो. इंजिन गरम झाले की संगणक इंधन कमी करतो. पण इंजिन गरम झालेच नाही, तर तो जादा इंधन देतच राहतो. कळ न दिसणारा चोक दिवसभर ओढलेलाच राहतो म्हणा ना.

इंजिन योग्य उष्णतेवर ठेवण्यासाठी थर्मोस्टॅट नावाची एक लहान झडप असते. इंजिन थंड असताना ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ती उघडते. उन्हाळ्यात एखादी गाडी तापली की काही फिटर ही झडप काढूनच टाकतात. "आपल्याकडे ऊन इतके, हिची गरज थंड देशात," असे त्यांचे म्हणणे असते. ते बरोबर नाही. पुण्यातील चाळीस अंशांचे ऊन आणि इंजिनाला लागणारे नव्वद अंश यांत पन्नास अंशांचे अंतर आहे. गाडी तापण्याचे खरे कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर, बंद पडलेला पंखा किंवा कमी झालेले कूलंट असते. झडप काढल्याने ते कारण झाकले जाते आणि इंधनाचा खर्च कायमचा वाढतो. माझे स्पष्ट मत आहे की ज्या गाडीतून थर्मोस्टॅट काढलेला आहे तिच्या ॲव्हरेजबद्दल तो परत बसवल्याशिवाय बोलूच नये.

घरच्या घरी परीक्षा करता येते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करावे आणि रेडिएटरला वरून येणारा रबरी पाइप बाहेरून हाताने चाचपावा. झडप ठीक असेल तर तो बराच वेळ थंड राहतो आणि मग एकाएकी गरम होतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी अडकली आहे किंवा मुळातच नाही. काही गाड्यांत झडप खालच्या पाइपाच्या बाजूला असते. तेथे उष्णतेच्या काट्यावरून अंदाज घ्यावा. दहा-पंधरा मिनिटे चालवूनही काटा मध्याच्या बराच खाली राहत असेल तर संशय घ्यावा. पंख्यापासून हात आणि साडीचा पदर लांब ठेवावा, कारण विजेचा पंखा आपोआप सुरू होतो. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

उष्णता मोजणारा सेन्सर बिघडला तरी हेच होते. इंजिन गरम असते, पण संगणकाला ते थंड वाटते. काही गाड्यांत पंखा चोवीस तास चालू राहील अशी वायर जोडून दिलेली असते, तीही काढून घ्यावी. ज्यांच्या गाडीला सीएनजीचे सिक्वेन्शियल किट आहे त्यांनी विशेष लक्ष द्यावे. अशा अनेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन थोडे तापल्यावर गॅसवर जातात. इंजिन लवकर तापले नाही तर शेतावर पोहोचेपर्यंत निम्मा रस्ता पेट्रोलवरच होतो आणि "गॅसची गाडी असून पेट्रोल कसे संपते?" असा प्रश्न पडतो.

एक उदाहरण सांगतो. मांजरीकडे पालेभाजी करणारे एक शेतकरी आहेत. त्यांच्या छोट्या पेट्रोल मोटारीचे ॲव्हरेज वहीत १६ होते, ते ११ वर आले. गॅरेजमध्ये इंजेक्टर व पंप बदलण्याचा बावीस हजारांचा अंदाज मिळाला. पैसे देण्याआधी त्यांनी विचारले, म्हणून आपण वरील क्रमाने गाडी पाहिली. मागचे डावे चाक इतके गरम होते की हात जवळ धरवेना. पावसाळ्यात बसलेला चिखल वाळून ड्रममध्ये दगड झाला होता. ब्रेक साफ करून, अडकलेला सिलिंडर बदलल्यावर पुढच्या तीन टाक्यांचे ॲव्हरेज १३ आले. मग रेडिएटरचा पाइप पाहिला. तो पहिल्या मिनिटापासून कोमट. मागच्या उन्हाळ्यात झडप काढल्याचे त्यांना तेव्हा आठवले. झडप आणि नवे कूलंट घातल्यावर आकडा १५ च्या जवळ गेला. सगळा खर्च गॅरेजच्या अंदाजाच्या पाव हिश्श्याच्याही आत राहिला. उरलेल्या एका किलोमीटरसाठी ते अजून मागे लागले आहेत. ते कोठे गेले असावे हे पुढे सांगतो.

हवा, ठिणगी आणि इंधन

आता इंजिनाकडे येऊ. एअर फिल्टर घाण झाला की ॲव्हरेज जाते, असे आपण ऐकत आलो. कार्ब्युरेटरच्या गाडीत ते खरे होते. हवा कोंडली की पेट्रोल जास्त ओढले जाई. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत संगणक आलेल्या हवेप्रमाणेच इंधन देतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून अशा गाड्या तपासल्या, तेव्हा ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. गाडीची ओढ मात्र कमी झाली. म्हणून धुळीच्या वाटेवर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर इंजिन झिजू नये यासाठी वेळेवर बदलावा, पण चार किलोमीटरचे नुकसान त्याच्या माथी मारू नये. डिझेल पिकअपची गोष्ट वेगळी. तेथे हवा कमी पडली की काळा धूर येतो आणि ओढ जाते.

डिझेल गाडीचा धूर वाचायला शिकावे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. कारण फिल्टर, फाटलेला टर्बोचा पाइप किंवा बिघडलेले इंजेक्टर. निळा म्हणजे ऑईल जळत आहे. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत जात आहे. काळा धूर दिसला की आधी टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप तपासावेत. बारीक चीर पडलेली असते आणि बदलण्याची चर्चा मात्र टर्बोची चाललेली असते.

पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग काढून पाहावा. टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर जळण चांगले. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. ओले तेलकट काळे असेल तर इंजिन ऑईल वर येत आहे. चारांपैकी एकच प्लग काळा असेल तर दोष त्याच सिलिंडरचा, आणि चारही काळे असतील तर दोष सर्वांना समान असलेल्या जागी, म्हणजे उष्णतेचा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर किंवा इंधनाचा दाब. एवढे कळले तरी गॅरेजमध्ये आपल्याला कोणी उगाच फिरवत नाही.

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला असेल तर तो झाकू नये. स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये जावे आणि नुसता कोड पुसून घेऊ नये. 'फ्युएल ट्रिम' नावाचा आकडा विचारावा. संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो किंवा कमी करतो ते त्यावरून कळते. तो दहा टक्क्यांच्या आत वर-खाली असणे चालते. अधिक वीस दाखवत असेल तर संगणकाला हवा जास्त झाल्यासारखी वाटते आहे. कधी ती खरोखर पाइपातून चोरून येत असते. कधी सायलेन्सरचा पाइप ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे फुटलेला असतो. बाहेरची हवा सेन्सरला लागते आणि तो फसून पेट्रोल वाढवायला लावतो. अशा वेळी वेल्डिंगने काम होते. उलट उणे वीस असेल तर इंजेक्टर गळत असल्याचा किंवा दाब वाढल्याचा संशय. इंजेक्टरचा खर्च करायचा तो हा पुरावा हातात आल्यावर.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी पकडणारी जाळी असते. ती भरली की गाडी जादा डिझेल वापरून आतली काजळी जाळते. घर ते शेत असे चार-चार किलोमीटरचेच फेरे होत असतील तर जाळी पुरती तापत नाही, हे जाळणे अर्धवट राहते आणि पुन्हा पुन्हा करावे लागते. त्यात डिझेल जाते. आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवावी. जाळीचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे करावे आणि मध्येच इंजिन बंद करू नये.

आता त्या उरलेल्या एका किलोमीटरविषयी. पेट्रोलमध्ये आज २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्यातले काही आपल्याच उसापासून येते. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश उष्णता असते. त्यामुळे अंतर थोडे कमी पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, जुन्या पद्धतीच्या चारचाकींमध्ये हे नुकसान सहा ते सात टक्के आणि नव्या मिश्रणासाठी तयार केलेल्या गाड्यांमध्ये एक ते दोन टक्के धरले आहे. म्हणजे १६ देणारी जुनी गाडी १५ वर आली तर दोष शोधत बसू नये. पण कोणी १६ चे ११ झाले आणि ते इथेनॉलमुळे झाले असे म्हणाला, तर ते मानू नये. त्याने चाक जॅकवर उचलावे. जुन्या गाडीचे रबरी पाइप मात्र या निमित्ताने तपासून घ्यावेत. इथेनॉलने जुने रबर फुगते व भेगाळते.

श्रोत्यांचे काही प्रश्न

एका भगिनीने विचारले आहे की उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली तर पेट्रोल वाचते का. इंजेक्शनच्या गाडीत उलटे होते. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की संगणक इंधन जवळजवळ पूर्ण बंद करतो; चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केले की इंजिन चालू ठेवण्यासाठी पुन्हा पेट्रोल द्यावे लागते. शिवाय दिवे घाटासारख्या उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो. तेथे न्यूट्रल करणे धोक्याचे आहे.

दुसरा प्रश्न पेट्रोलच्या नळीला लावायच्या चुंबकाचा आणि टाकीत टाकायच्या बाटलीचा. चुंबकाने पेट्रोलवर काही परिणाम होत नाही. इंजेक्टर साफ करणाऱ्या काही औषधांचा घाण झालेल्या इंजेक्टरवर थोडा उपयोग होतो, पण धरलेला ब्रेक त्याने सुटत नाही. विकणाऱ्याने ॲव्हरेज वाढवून दाखवतो म्हटले, तर त्याला तीन टाक्या मोजून दाखवायला सांगावे.

तिसरा प्रश्न, हे सगळे आमच्याच्याने होईल का? चाकांची हवा, ब्रेकची उष्णता आणि रेडिएटरचा पाइप या तीन गोष्टी होतीलच. आपल्या गाड्या दोन तासांपासून बाहेर झाडाखाली उभ्या आहेत, म्हणजे टायर थंड आहेत आणि हवा मोजायला हीच योग्य वेळ आहे. मी हवेचा गेज आणला आहे, जॅक आपल्यापैकी कोणाच्या गाडीत असेलच. ज्यांची गाडी चिखलातून जाते त्यांनी पुढे यावे, त्यांच्यापासून सुरुवात करू.